गंगम्मानं पुसलेलं रिंगण

चुडाव्याच्या स्टेशनापासून कोसभर आत गंगम्माचं रान होतं. बांधालगत तिच्या नवऱ्याची, शिवलिंगअप्पाची समाधी. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि मातीआड करतात. समाधीवरचा ओटा गंगम्मानं स्वतः लिंपला होता. तिथं बेल वाहिल्याशिवाय ती खुरप्याला हात लावत नसे.

त्रेचाळीस साली सुगी उरकली आणि हुकूम आला. लढाई चालू होती. दोस्त राष्ट्रांचे वैमानिक समुद्रापलीकडून सरावाला आले होते आणि त्यांना बॉम्ब टाकायला शिकण्यासाठी मोकळी जागा हवी होती. वरच्यांनी नकाशावर बोट ठेवलं. त्या बोटाखाली गंगम्माचं आणि शेजारच्या चौघांचं रान आलं. कुणी कुणाला विचारलं नाही. वेठीला धरलेल्या माणसांनी काळ्या मातीवर चुन्याचं भलं मोठं रिंगण आखलं. समाधी नेमकी रिंगणात आली.

गंगम्मा चालत कचेरीत गेली. तहसीलदारानं तिला उन्हात ताटकळत ठेवलं, मग आत बोलावून सांगितलं की जगभर माणसं मरतायत, एका थडग्याचं काय घेऊन बसलीस, हलव दुसरीकडं.

"माझा माणूस बसलाय तिथं," गंगम्मा म्हणाली. "बसल्याला उठवायचं असंल तर तुमी या. हात लावून दाखवा."

तहसीलदारानं शिपायाकरवी तिला बाहेर काढलं.

मग विमानं येऊ लागली. सकाळी पूर्वेकडून घरघर यायची, गाई दावं तोडायच्या, आणि रिंगणावर सरावाच्या बॉम्बची लोखंडी नळकांडी पडून पांढरा धूर निघायचा. बाया लांबच्या बांधावरून आपापली रानं बघत उभ्या राहायच्या. एका सकाळी नळकांडं थेट ओट्यावर पडलं. ओटा मधोमध फुटला. विमान खाली येऊन वळलं तेव्हा आतल्या गोऱ्या पोरानं हात हलवला. नेम लागल्याचा आनंद झाला असेल त्याला.

तो हात गंगम्माच्या डोक्यातून गेला नाही. कुणीतरी म्हणालं की त्या पोराला खाली काय आहे ते ठाऊक नव्हतं. गंगम्मा चवताळली. "ठाऊक न्हवतं तर इचारायचं हुतं. दुसऱ्याच्या रानावर आग टाकायला येतो अन् इचारीत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती फावडं आणि टोपलं घेऊन रिंगणात शिरली. चुन्यावर काळी माती लोटू लागली. शेजारची महादेवी बघत होती. तिचंही रान गेलं होतं. ती आली. आणखी बाया आल्या. विमानं आली, घिरट्या घालून खूण सापडेना म्हणून परत गेली.

सरकारी माणसांनी पुन्हा चुना टाकला. बायांनी पुन्हा पुसला. मग पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार आला. त्यानं पोलीस पाटील माणिकरावाची गचांडी धरली आणि नाव सांगितलं नाही तर अख्ख्या गावाला चाबकानं फोडीन म्हणाला. गंगम्मा गर्दीतून पुढं झाली.

"मी पुसलंय. त्याला सोड."

तिला पूर्णेच्या ठाण्यात डांबलं. सुटून आली तेव्हा महिना उलटला होता, पायाला सूज होती आणि रिंगण नाल्यापल्याड गायरानात सरकलं होतं. गाव तिला जिंकलीस म्हणू लागलं. पाटलानं तर सरकारनं दया केली असंही सांगितलं.

गंगम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. गायरानात बिनजमिनीच्या लिंबाजीची गुरं चरत. आता ती दाव्याला उपाशी उभी होती, आणि त्याच्यासाठी कुणी तोंड उघडत नव्हतं. "माझ्या दारातली आग त्याच्या दारात टाकली, ही दया व्हय?" तिनं पाटलाला सगळ्यांसमोर विचारलं. सुजल्या पायांनी ती गायरानात गेली. या वेळी लिंबाजीच्या बायकोनं टोपलं उचललं.

दोघींना पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. लढाई संपेपर्यंत हे असंच चाललं. मग एका पावसाळ्यात विमानं यायची थांबली.

माणिकराव सांगायला आला की सरकारनं रान आता कागदावरही परत दिलं. गंगम्मानं त्याला बांध ओलांडू दिला नाही.

"देनारे तुमी कोण?" ती म्हणाली, आणि बैलांच्या मानेवर जू ठेवलं.