मोटारीच्या नाकातला कापूस

माझ्या गॅरेजात हल्ली कुणी ना कुणी बाजारातलं नवं एअर फिल्टर घेऊन येतं आणि विचारतं, कंपनीचं काढून हे बसवलं तर इंजिन जास्त ओढेल का? मी म्हणतो, आधी जुनं उघडून बघू. बहुतेक वेळा जुनं मातीनं बुजलेलं असतं. ते काढून काहीही बसवा, गाडी पळतेच. गिऱ्हाईक खूश होतं. हे उत्तर मला बाविसाव्या वर्षीच कळलं होतं आणि मी ते गिळून टाकलं होतं.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मानवतला एका कापूस व्यापाऱ्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. शेठ आठवड्यातून तीन-चारदा कापूस बघायला जिंतूरकडे जायचे. रस्ता कच्चा, सगळा फुफाटा. इंजिनात जाणारी हवा गाळण्यासाठी मोटारीला एक लोखंडी डबा होता. त्याच्या तळाशी तेल असायचं आणि धूळ त्यात अडकायची. दर आठवड्याला तो डबा रॉकेलनं धुऊन नवं तेल भरायचं, एवढं काम माझ्याकडे होतं. ते मी चार महिने केलं नव्हतं. कारण काहीच नाही. कंटाळा.

मोटार काळा धूर टाकायला लागली. चढ आला की तिला दम लागायचा.

"काल चढावर बैलगाडी आपल्या म्होरं गेली," शेठ म्हणाले. "गाडीवान मला बघून हसायलता."

"कंपनीचा डबा आपल्या धुळीत चालत न्हाई, शेठ," मी ठोकून दिलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे पिंजारी राहायचे. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्या वर्षांत लोक त्यांच्या दाराकडे जरा कमीच वळत. का, ते कुणी बोलून दाखवत नसे. मी मात्र रोज जाऊन बसायचो. पिंजणीच्या ताणलेल्या तातीचा तो टणत्कार ऐकत राहावंसं वाटे. मी मोटारीचं रडगाणं सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"हे बांधल्याबिगर मी पिंजायला बसत न्हाई, बेटा. तुझी मोटार उघड्या तोंडानं धुळीत जायली. मग खोकणारच की."

"मग काय चाचा, मोटारीला बी रजई शिवता का?"

"शिवतो की. पण खोळीला मखमल लागंल. तुझा शेठ देतो का, इचार!"

थट्टेतून काम सुरू झालं. दोन बारीक जाळ्यांमध्ये चाचांनी पिंजलेल्या कापसाची घट्ट गादी बसवली. कडेनं फट राहू नये म्हणून चारदा काढून पुन्हा भरली. मी जुना डबा उतरवला. आत तेल नव्हतंच, वाळलेला चिखल होता. तो मी गुपचूप नाल्यात खरवडून टाकला आणि कापसाची गादी बसवली.

मोटार चढ सरसर चढली. शेठनी पेठेत ज्याला त्याला सांगितलं. दुसऱ्या एका मोटारवाल्यानं चाचांकडे तशीच गादी मागितली. चाचा दाढीला मेंदी लावून आले तेव्हा मी त्यांना नवरदेव म्हणून चिडवलं. तो फरक कापसामुळे नव्हता, घाण निघाल्यामुळे होता, हे फक्त मला माहीत होतं.

दीड महिन्यानं मोटार निळा धूर ओकू लागली, तेल पिऊ लागली. परभणीहून मिस्त्री आला. त्यानं इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं.

"धूळ गेलीय. आतून पार घासलंय. कापसाच्या आधी डब्यातलं तेल कधी बदलायचास?"

"दर आठवड्याला," मी म्हणालो.

"मग ह्या कापसानंच घात केला." तो हात धुवायला आडावर गेला.

शेठनी चाचांना बोलावणं पाठवलं. तोवर मी गादी काढली. बाहेरची बाजू काळीमिट्ट होती. मी ती उलटली. आतली बाजू पांढरीशुभ्र, पिंजणीवरून उतरली तशी. कापसातून धूळ गेलीच नव्हती. जी गेली ती माझ्या चार महिन्यांत गेली होती.

चाचा आले. चार माणसंही जमली. शेठ म्हणाले, "दाखव रे."

मी काळी बाजू दाखवली.

"जित्या मोटारीच्या नाकात कापूस घातलास, म्हाताऱ्या!" शेठ ओरडले. "मुद्दाम केलंस. निजाम गेला, पण तुमच्या लोकांच्या मनातलं अजून गेलं न्हाई."

चाचा शेठकडे बघतच नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते.

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी कापूस टाकला नाही. त्यांच्या दारावरून जाताना लोक थुंकू लागले. आजही इंजिनाचा पट्टा विशिष्ट सुरात वाजला की मला ती तात ऐकू येते आणि मी मागं वळून बघतो.

पंधरवड्यानं एका सकाळी त्यांच्या दारात बैलगाडी उभी होती. सामान चढलं होतं. ते हैदराबादला लेकीकडे निघाले होते. मला त्यांनी हाक मारली.

"आतली बाजू पांढरी होती ना, बेटा?"

"व्हय, चाचा."

"माझा कापूस मला कळतो. पण शेठ माझं ऐकणार न्हाई, तुझं ऐकंल. जा, सांग त्याला. रेल्वे दुपारची हाय. तवर मी टेशनावर बसतो. निरोप आला की सामान परत घेऊन येतो."

मी तडक गेलो. शेठ बैठकीत होते.

"काय रे?"

"मिस्त्री उद्या येतो म्हणालाय," मी म्हणालो.

"बरं. तवर मोटार पुसून ठेव."

मी फडकं घेतलं. स्टेशन गावापासून लांब, रेल्वेची शिट्टी गावात ऐकू येत नाही. अजून वेळ आहे, असं मी ऊन उतरेपर्यंत स्वतःला सांगत होतो आणि मोटार पुसत होतो.