बोगनवेलीला पाणी

सकाळी साडेसातला सेक्रेटरीसाहेब सफारी घालून मोटारीकडे निघाले, की तळमजल्यावरच्या मावशी दारात यायच्या आणि त्यांच्या पाठीकडे बघत दहाही बोटं कडाकडा मोडायच्या. मग पदराला हात पुसत म्हणायच्या, "बघून घेतंय मी." आणि आत जाऊन चहा टाकायच्या. पाच वर्षं हे चाललं. रविवारी साहेबांना सुट्टी, म्हणून मावशींनाही.

तुम्ही म्हणाल, काय भांडकुदळ बाई आहे. म्हणा खुशाल. पण आधी ऐकून घ्या.

मुलुंडला आमची तीन मजल्यांची सोसायटी. मी पहिल्या मजल्यावर, टेलिफोन ऑफिसात नोकरीला. कमिटीवरही होते, कारण दुसरं कुणी बाईमाणूस तयार नव्हतं. ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. मावशी मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि वर्षाच्या आत तेही गेले. मावशी कुळथाचं पीठ आणि मसाला करून घरोघर द्यायच्या, त्यावर त्यांचं चालायचं.

यजमानांच्या मागे राहिलं होतं ते एक अनंताचं झाड. गावाहून एसटीत पत्र्याचा डबा मांडीवर धरून त्यांनी ते आणलं होतं आणि कंपाउंडच्या भिंतीशी लावलं होतं. पांढरंशुभ्र फूल उमललं की मावशी ते फोटोपुढे ठेवायच्या. त्याआधी झाडापुढे उभं राहून, लहान पोराची काढावी तशी त्याची दृष्ट काढायच्या, कानशिलावर बोटं मोडून. तीच बोटं बरं का, जी पुढे साहेबांच्या वाट्याला आली.

अनंताला पाणी लागतं. त्या वर्षी नेमका पाण्याचा ठणठणाट. नळाला अर्धा तास पाणी, तेही करंगळीएवढी धार. कमिटीने ठराव केला, झाडांना पाणी घालायचं नाही. कंपाउंडच्या नळाला कुलूप लागलं आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात गेली. ठरावाखाली चार सह्या होत्या. त्यातली एक माझी.

मावशींनी तक्रार केली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, जे मिळेल ते झाडाला घालायच्या. पण शिमगा आला. शिमग्याला कोकणी माणूस गावाला जाणारच, घरात पालखी यायची असते. जायच्या आदल्या दिवशी त्या साहेबांच्या दारात गेल्या. मी जिन्यातच होते.

"भाऊनू, पंधरा दिवस झाडाक तांब्याभर पाणी घालशात मां? ठराव झालो म्हायत हा माका. माज्या पिंपातला घाला, ही घराची चावी."

"निर्धास्त जा, मावशी," साहेब म्हणाले आणि चावी घेतली.

पंधरा दिवसांत त्या माणसाने एक थेंब घातला नाही. रोज सकाळी कंपाउंडच्या नळाचं कुलूप काढून दोन बादल्या पाण्याने मोटार मात्र धुतली. मला कसं माहीत? मी रोज बसस्टॉपला त्याच वाटेने जात होते ना. अनंताच्या कळ्या गळल्या, पानं पिवळी पडली, मग तपकिरी झाली. ठरावावर सही केलीय, आता कुठल्या तोंडाने पाणी घालू, असं मनाशी म्हणायचे आणि पुढे जायचे. सांगायला लाज वाटते, पण असंच झालं.

मावशी परत आल्या. कोकमांची पिशवी दारात ठेवून आधी झाडाशी गेल्या. नखाने साल खरवडून बघितली. आतपर्यंत कोरडं होतं. साहेब तेव्हाच मोटार धुऊन फडका पिळत होते.

"ठराव झाला होता, मावशी. नियम सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले.

"माज्या घोवाचा झाड होता ता," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "एकदा म्हणा, माजा चुकला. तेवढाच म्हणा."

"त्यात चुकण्यासारखं काय आहे?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बोटं मोडली.

आठवड्याभराने त्या मुलुंड पश्चिमेच्या एका बंगल्याबाहेर छाटून टाकलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढी जाड एक काडी घेऊन आल्या. बोगनवेल. मेलेल्या अनंताच्या जागी ती खोचली. ही जागा साहेबांच्या मोटारीच्या अगदी बाजूला, हे सांगायचं राहिलं.

काडी जगली. पावसाळ्यात भिंतीवर चढली, पुढच्या वर्षी भिंतीवरून मोटारीवर ओणवी झाली. मी एकदा म्हटलं, "मावशी, पाणी कुठून घालता हिला?"

"पाणी?" मावशी हसल्या. "हिका पाणी घालूचा नाय, बाय. पाणी मिळाला काय नुसती पाना धरता. तानेली ठेवली काय फुलता. आता लाव म्हणा तेका नळाक कुलूप."

आणि काय फुलली म्हणता. दिवाळीनंतर पाऊस पुरता आटला, की राणी रंगाने भिंत झाकून जायची. ऐन शिमग्याला तर पान दिसायचं नाही. ती कागदासारखी फुलं साहेबांच्या ओल्या मोटारीवर डकवल्यासारखी चिकटायची. काट्यांनी रंगावर ओरखडे काढले, टायर पंक्चर केलं, आणि एकदा नव्या सफारीची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाडली. त्या दिवशी मावशींनी सगळ्या मजल्यांवर नारळाच्या गोड रसातले शिरवाळे वाटले. साहेबांकडेही वाटी पाठवली.

साहेबांनी माळी आणून वेल कमरेइतकी छाटली. मावशींनी त्या माळ्याला चहा दिला, वर "अजून खाली घे रे" म्हणाल्या. महिन्याभरात ती तिप्पट फुटून फुलली. बोगनवेल छाटली की जास्त फुलते, हे साहेबांना कोण सांगणार? मुळापासून काढायचा ठराव त्यांनी मीटिंगमध्ये आणला, तेव्हा बाया उसळल्या. हळदीकुंकवाचे फोटो सगळ्या तिच्यासमोर काढायच्या. ठराव पडला. विरोधात पहिला हात माझा होता.

त्या संध्याकाळी मी मावशींकडे गेले आणि सगळं ओकले. ती सही, ते रोज बघत पुढे जाणं. म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." त्या कुळीथ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "एवढाच तर व्हया होता," म्हणाल्या. "पण तेच्याकडना." मग मला बसवून सोलकढी प्यायला दिली. मी तिथे बसून रडले.

एकोणनव्वदच्या सुमाराला त्यांचे गुडघे गेले. खोली विकून त्या गावी भावाकडे गेल्या. त्या टॅक्सीत बसल्या तेव्हा साहेब गेटपाशी उभे होते. मावशींनी काच खाली केली आणि वाट बघितली. चांगली मिनिटभर. साहेब म्हणाले, "सांभाळून जा हं." मावशींनी काच वर केली.

पुढल्या वर्षी भावाचं पोस्टकार्ड आलं, मावशी गेल्या म्हणून. मीच ते नोटीस बोर्डावर लावलं. साहेब चष्मा वर करून बराच वेळ वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले. एव्हाना रिटायर झाले होते, मोटार विकली होती. हातात बादली. कंपाउंडच्या नळाचं कुलूप काढलं, बादली भरली आणि बोगनवेलीच्या बुंध्याशी हळूहळू ओतली. त्यानंतर रोज. पुढे आळं केलं, शेणखत आणलं. वेल हिरवीगार झाली, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. दिवाळी गेली, शिमगा गेला. एक फूल नाही.

एकदा मी ऑफिसला निघाले असताना त्यांनी मला थांबवलं. बादली खाली ठेवली.

"माझं चुकलंच हो तेव्हा," ते म्हणाले. "त्यांच्या झाडाचं. बोलायला हवं होतं मी." मग वर बघून विचारलं, "इतकं करतो हिचं. ही फुलत का नाही?"

मला त्यांची दया आली, नाही असं नाही. पण टॅक्सीची ती काच आठवली. ते मिनिट आठवलं.

"पाणी कमी पडत असेल," मी म्हणाले. "आणखी एक बादली घालून बघा."