नव्या फोनला लावलेलं कुंकू

गेल्या शनिवारी सोलापुरात, आमच्या घरी, सकाळी सकाळी नव्या फोनवरून रामायण झालं. फोन घेऊन आठवडा नाही झाला तोच चार्जिंग बंद... आणि दुपारी श्रावणीची खो-खोची फायनल!

श्रावणी माझी मुलगी, आठवीत आहे. आमचे हे तिकडे कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या कामावर क्रेन चालवतात, त्यामुळे पोरीला खेळताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. या वेळी साहेबांच्या मागे लागून लागून दुपारची सुट्टी घेतली होती... व्हिडिओ कॉलवर अख्खी मॅच बघायची म्हणून.

जुना फोन व्हिडिओ कॉल लावला की मान टाकायचा, म्हणून तर हा नवीन घेतला. दुकानात मी दुकानदाराचं डोकं खाल्लं... फाइव्ह-जी आहे का, उन्हात स्क्रीन दिसते का, पॉवर बँक लावून कॉल चालतो का, त्यानं बॅटरी फुगत नाही ना. बिचारा न चिडता सांगत होता.

घरी येऊन खोकं उघडलं तर आत चार्जरच नाही! विचारलं तर म्हणे, हल्ली देत नाहीत, वेगळा घ्यायचा. अहो, म्हणजे ताटात शेंगाची चटणी वाढायची आणि भाकरी घरून आणा म्हणायचं... घेतला बाई चार्जर, वर पॉवर बँकही घेतली.

तर शनिवारी सकाळी बॅटरी लाल. वायर बदलली, प्लग बदलला, पॉवर बँक लावून बघितली... तिचे दिवे मजेत लुकलुकतायत आणि फोन ढिम्म! सासूबाईंच्या बटणाच्या फोनवरून दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला सर्व्हिस सेंटरला टाका, सोमवारी बघतील.

सोमवारी? माझं टाळकंच सरकलं. सोमवारी फायनल परत खेळायला लावू का पोरींना?

शेजारी मागावा तर तासभर कोण देणार? लोक एक वेळ किडनी देतील, फोन नाही देणार.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या नातेपुत्याच्या, आणि त्यांच्याकडे सगळ्यावर उपाय असतो. "ज्वारीच्या डब्यात ठिव त्याला. वलावा आसंल तर वडून घेतंय."

"आत्या, फोन आहे तो... आंबा नाही अढीत घालायला!" मी जरा जोरातच बोलले.

श्रावणी बुटाच्या नाड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, राहू दे. पप्पांना सांग, पुढच्या वेळी बघा." मग मात्र मी पेटलेच. म्हटलं, आज हा फोन नाही तर मी.

आत्यांच्या फोनचा टॉर्च लावला आणि चार्जिंगच्या भोकात डोळा घालून बघितलं. आत काहीतरी लालभडक! आत्याही वाकल्या आणि एकदम ओरडल्या, "आगं, ह्ये कुकू की!"

आमच्याकडे फ्रिज असो, स्कूटी असो की दप्तर, नवीन वस्तूला हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. फोनलाही आत्यांनी चिमूटभर लावलं होतं. स्क्रीनला नको, चरे पडतील, असं मीच बजावलं होतं... म्हणून त्यांनी खालच्या कडेला लावलं. बरोब्बर भोकावर! आणि रोज वायर घालताना ते थोडं थोडं आत सरकत गेलं.

आत्यांचं तोंड एवढंसं झालं. "माज्याच हातानं झालं व्हय गं?"

"काही झालं नाही हो आत्या, देव आत जाऊन बसलाय, त्याला बाहेर काढू." फोन बंद केला. श्रावणीचा चित्रांचा कोरडा ब्रश घेतला आणि श्वास रोखून, हळू हळू, झाडत बसले. वायर लावली... आणि टुंग! चार्जिंगचं चिन्ह आलं. आम्ही तिघी एवढ्या किंचाळलो की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून धावत आल्या.

निघेपर्यंत अर्धंमुर्धं चार्जिंग झालं. बाकीचं काम पॉवर बँकेवर... पण तिची वायर निघाली वीतभर! मग काय, फोन माझ्या हातात, पॉवर बँक आत्यांच्या पदरात. पोरी जिकडे पळतील तिकडे मी पळणार, आणि मी पळेन तिकडे आत्या. सासू-सून वायरीनं बांधलेल्या, आणि मैदानावरचे लोक खेळ सोडून आमच्याकडे बघतायत.

शेवटच्या डावात श्रावणी पळतीला. शिट्टी होईपर्यंत ती बाद झाली नाही तर जिंकलो. फोनमधून ह्यांचं सुरू, "खांबाकडं! खांबाकडं जा!" पाठीमागे त्यांच्या साइटवरची बाकीची माणसंही ओरडतायत. आत्या फोनवरच डाफरल्या, "गप की रे! पळतीय न्हवं ती!"

पोरीनं खांबाला गिरकी घेतली, एकीला हुलकावणी दिली, दुसरीच्या हातातून मासोळीसारखी सुटली... आणि शिट्टी! जिंकलो! मी रडतेय, आत्या शिट्ट्या मारणाऱ्या पोरींबरोबर नाचतायत, वायर केव्हा निसटली पत्ता नाही.

श्रावणी धुळीनं माखलेली तशीच धावत आली. कुणाला भेटली नाही, आधी माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "पप्पा, बघितलं?"

तिकडचं चित्र एकदम हलायला लागलं. मला वाटलं रेंज गेली... रेंज होती, हे बाहीनं डोळे पुसत होते. मग म्हणाले, "बघितलं की बाळा. सगळं बघितलं."

देवा, त्या 'सगळं'बद्दल तुझे लाख आभार... आणि आत्या, पुढच्या फोनला कुंकू तुम्हीच लावायचं, फक्त पाठीवर.