निवू दे

बारा शाफ्ट मी गरम असतानाच मोजले आणि बाराही 'ओके' लिहून मोकळा झालो.

लोखंड तापलं की फुगतं, हे मी शाळेत शिकलो होतो आणि शाळेतच ठेवून आलो होतो. त्या दिवशी लेथवरचं कूलंट, कापताना लोखंड थंड ठेवणारं पाणी, बंद पडलं. दुरुस्तीची वाट कोण बघणार? चालवलं तसंच कोरडं.

रोह्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर काका बसायचे. पेणच्या खाडीकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. सकाळच्या गाडीनं यायचे. असा माणूस तुमच्याही कामावर असेल: मायक्रोमीटर उचलण्याआधी पालथा हात लोखंडाला लावणार, ताप बघावा तसा, आणि म्हणणार, "निवू दे."

त्या दिवशीही हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"निवू दे. तासभर."

"काका, मोजलेत मी. चार वाजता गाडी येतेय."

"येऊ दे. निवायला गाडी लागत नाय."

शेठनी सकाळीच बजावलं होतं, आज वीस शाफ्ट गेले नाहीत तर हे पंपाचं काम पुण्याला जाईल. घड्याळात अडीच. कूलंट सुरू झालं होतं, उरलेले आठ मी लेथवर घेतले. पण जीव त्या बारांत. शेवटी मी डोकं चालवलं. त्यातले दोन शाफ्ट उचलून कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये ठेवले, चटणीच्या डब्यामागं.

साडेतीनला काकांनी मोजायला घेतलं. पहिला बारा मायक्रॉन कमी. दुसराही. दहाव्यापर्यंत तेच. मग माझे फ्रिजातले दोन, घामेजलेले. ते वीस कमी!

काकांनी शाफ्ट नाकाशी नेला.

"चटणी?"

मी कॅन्टीनकडं बोट दाखवलं.

"मघाशी ताप होता म्हणून जाडे दिसले. आता हुडहुडी भरलीय म्हणून बारीक. तुझ्याकडं धड असा एक तरी हाय का रे?"

फाटकात गाडी वाजली. शेठ धावत आले. "काका, बारा मायक्रॉन म्हणजे केसाचा सहावा भागसुद्धा नाही. करा सही."

"बेअरिंग ढिलं बसंल, शेठ. पंप हादरंल. तिथं शेजारी कुणाचा तरी पोरगा उभा असतो."

"काम गेलं तर इथं कुणी उभं राहणार नाही!"

काकांनी पेनला टोपण लावलं. बारा शाफ्टवर लाल रंगाचा पट्टा स्वतः ओढला, उरलेले आठ निववून मोजले, आणि कागद घेऊन गाडीबरोबर आलेल्या पंपवाल्यांच्या इंजिनीअरसमोर उभे राहिले. "आठ चांगले, बारा वाईट. हे आकडे."

इंजिनीअरनं लाल पट्ट्याचा एक शाफ्ट स्वतः मोजला. मग आठांपैकी एक. शेठ रुमालानं मान पुसत होते. मी मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो.

"आठ भरा," तो म्हणाला. "बारा सोमवारी. पण तपासणारे हेच पाहिजेत."

अहवालात काकांनी लिहिलं होतं, 'कूलंट बंद असताना काम चालू ठेवले.' कुणी, ते नव्हतं.

"माझं नाव नाही घातलं, काका?"

"नाव घालून बारा मायक्रॉन भरून येतात व्हय?"

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. त्यांचं टेबल तीन महिने रिकामं होतं. कुणी त्यावर डबासुद्धा ठेवत नव्हतं.

मग शेठनी ते मला दिलं. सांगायला पेण गाठलं, पेढे घेऊन. काका ओटीवर बसले होते. काकींनी चहा आणला. काकांनी सवयीनं पालथा हात कपाला लावला आणि कप खाली ठेवला.

"काका, तुमच्या खुर्चीवर आता मी बसतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, डोळे भरून आले.

"तू?" ते म्हणाले. "मग शेठला सांग, आधी कॅन्टीनच्या फ्रिजला कुलूप लावा."