येळवशीची भज्जी पुण्याला नेताना

अन्नपूर्णे माते, ज्या मातीतून तू उगवतेस तिला, जे हात तुला रांधतात त्यांना आणि जी भूक तुझी वाट पाहते तिलाही माझे वंदन. तुझ्या कृपेने ही अक्षरे रुचकर होवोत.

आता विषयाकडे वळतो. माझी थोरली बहीण, आक्का, तापातून उठली, पण तिची अन्नावरची वासना परतली नाही. दोन घास घेऊन ती ताट सरकवी. असेच चालले तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. आक्काची सारी नोकरी धाराशिव जिल्ह्यात, येडशीजवळच्या एका गावी शिक्षिका म्हणून झाली. एके दिवशी ती म्हणाली, "येळवशीची भज्जी असती, तर खाल्ली असती." सूनबाईने मोबाइलवर पाहून भज्जी केली. आक्काने चमचाभर चाखली आणि म्हणाली, "छान झालंय गं पिठलं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या दिवशी तिकडे प्रत्येक घर शेतात जेवते. ही भज्जी तळलेली नव्हे. ताकात कालवलेल्या बेसनात तुरीचे ओले दाणे, मटार, पावटा, मेथी, गाजर, हरभऱ्याचा पाला, जे जे त्या आठवड्यात रानात असेल ते सारे घालून शिजवतात. ती कोणत्याही खाणावळीत मिळत नाही. म्हणून आक्काची जुनी विद्यार्थिनी सोजर, आता स्वतःच नातवंडांची आजी, हिला फोन केला आणि पुण्याहून रेल्वेने निघालो.

धाराशिवला सकाळी उतरलो, तो शहर निर्मनुष्य. दुकाने बंद, चहाची टपरीही बंद. वाचकहो, या सणाला जाणार असाल तर आदल्या दिवशीच मुक्कामी पोहोचा. एकच रिक्षा दिसली, तीही बायकामुलांनी भरलेली.

"येडशीला येणार का?" मी विचारले.

"आज गिऱ्हाईक न्हाय मामा, आज रान," रिक्षावाला म्हणाला. मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्याने एका मुलाला बायकोच्या मांडीवर सरकवले. "मेव्हण्याच्या शेतात तिकडंच निघालोय. बसा. पण आंबिलीचं मडकं तुमच्या मांडीवर!"

ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची ती थंड आंबील खड्ड्याखड्ड्याला माझ्या धोतरावर अभिषेक करीत होती. सोजरच्या बांधापाशी उतरताना मी पैसे काढले. "येळवशीला भाडं कसलं?" म्हणत तो निघूनही गेला.

शेतात कडब्याची खोप उभी होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. नैवेद्य झाल्यावर सोजरचे यजमान दत्तूअप्पा पळसाच्या डहाळीने पिकावर आंबील शिंपडत धावले. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" अशी त्यांची आरोळी. कानडी वळणाच्या त्या शब्दांचा अर्थ मी विचारला.

"मला कुठं ठावं? ज्वारीला कळतंय की," ते धापा टाकत म्हणाले.

पत्रावळी मांडल्या, तरी कोणी घासाला हात लावेना. सोजर बांधावर उभी राहिली. वाटेने मोटारसायकलवर दोघे चालले होते.

"ओ पाव्हणं, या जेवायला!"

"तीन रानांत जेवलोय, मावशी!"

"मग चौथं आमचं! उतरा खाली!"

गृहस्थाने जेवणापूर्वी गाईची धार काढण्याइतका वेळ अंगणात अतिथीची वाट पाहावी, असे शास्त्रवचन आहे. ते मी अनेकांना समजावून सांगितले असेल. येथे ते वचनच बांधावर उभे राहून हाका मारीत होते. पाहुणे बसले, मग आम्ही. ज्वारीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आणि माझ्यासाठी बिनलसणाची भज्जी वेगळी काढलेली.

"बाईंच्या डब्यात लसूण घालू का, मामा?"

"घाल बाई. पथ्य माझे आहे, तिने कधी मानले नाही."

भज्जीचा डबा आणि आंबिलीची बाटली बांधून देताना सोजर म्हणाली, "शिळी झाली की जास्त गोड लागती. बाटलीचं झाकण आवळू नका, फुगंल. आन् मामा, ही एकट्यानं खायाची न्हाय बरं." शेवटचे वाक्य मी शिष्टाचार समजलो.

रात्री तिच्याकडेच राहून दुसऱ्या सकाळी रामलिंगाच्या दरीत उतरून महादेवाचे दर्शन घेतले. माकडांपासून डबा छातीशी धरून वाचवला आणि येडशीहून एसटी पकडली. वाटेत बाटली फुसफुसू लागली. "आजोबा, पिशवीत नागोबा हाय का?" कंडक्टरने विचारले. अर्धा पेला देऊन त्याची शंका फेडली.

घरी पोहोचताच सूनबाईने भज्जी गरम केली. आक्कापुढे ताट ठेवले. तिने वास घेतला, डोळे मिटले आणि हात मांडीवरच ठेवला. एवढा प्रवास करूनही ताट सरकणार?

"हाक कुणाला मारलीस?" तिने विचारले.

"कोणालाच नाही."

"मला तिथं वीतभर जमीन नव्हती. तरी एकाही येळवशीला उपाशी राहिले नाही. दार उघड."

दार सताड उघडून आम्ही तिघे बसलो. भज्जी निवू लागली. जिन्यावर धातूचा आवाज झाला. खांद्यावर गॅसची टाकी घेऊन एक घामाघूम माणूस वर येत होता.

"पाव्हणं, या जेवायला!" आक्काचा आवाज महिन्याभरात इतका मोठा झाला नव्हता.

"आजी, वर टाकी द्यायचीय."

"टाकी पळून जाते काय? बैस."

तो संकोचत बसला. पहिला घास घेतल्यावर त्याने मान वर केली. "हे काय आहे, आजी?"

"सांगते. आधी अजून घे." आक्का त्याच्या पानात वाढत गेली, कोणता दाणा कोणत्या वेलीचा ते सांगत गेली आणि सांगता सांगता तिचे स्वतःचे बोट ताटाला लागले. उंडा मोडला, भज्जीत बुडवला. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी हलकेच मान हलवली, काही बोलू नकोस म्हणून.

नळीची वेळ आली नाही. जेवणाच्या वेळी आमचे दार आता उघडे असते.

हे वाचणाऱ्या सर्वांच्या पानात ऋतूचे ताजे अन्न पडो, वाटेवर असाल तेव्हा कोणाची तरी हाक कानी येवो, आणि घरी असाल तेव्हा तुमच्या हाकेला कोणीतरी जिन्यात थांबून ओ देवो. शुभं भवतु.