काशीला दहा दिवस थांबवलं

काशीला मी ‘थांब’ म्हटलं, म्हणून ती गेली.

साठ वर्षं हे कुणाला बोलले नाही. आज घटाची पाचवी माळ, तिची तिथ. नात टाइप करतेय, मी सांगतेय. चुकलं तर तिला हसू नका, मला हसा.

काशी माझी चुलत जाऊ. आम्ही कळसाडी गावच्या. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तोंडाची फटकळ, तीन लेकरांची आई.

तिसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, “हिला पुन्हा दिवस गेले तर वाट बघू नका. लगेच घेऊन या.”

तेव्हा गर्भपाताचा आजच्यासारखा कायदा नव्हता. बाईच्या जिवावर बेतलं तरच डॉक्टर हात लावायचे, तेही घाबरत.

आम्हा बायकांचा एक फंड होता. फंड हा आत्ताचा शब्द, आम्ही ‘मूठ’ म्हणायचो. वेचणी सुरू झाली की रोज संध्याकाळी प्रत्येक बाई आपल्या ओटीतला मूठभर कापूस माझ्या गोठ्यातल्या गाठोड्यात टाकायची.

पुरुषांना वाटे, देवीच्या तेलासाठी चाललंय. वाटू दिलं.

कापूस विकून जे येई त्यातून अडलेल्या बाईला गुपचूप दवाखान्यात न्यायचं. दोघी जणी अशा सुखरूप परत आल्या होत्या. दुसरीला नेलं तेव्हाच सगळे पैसे संपले; आता नवी वेचणी होईपर्यंत हातात काही नाही.

आणि सर्वपित्रीच्या दिवशी विहिरीवर काशी म्हणाली, “जिजी, माले दिन गयात.”

शेतात बोंडं फुटली होती. बांधावर उभं राहिलं की सगळं पांढरं दिसायचं.

पण सीतादही व्हायचं होतं. म्हणजे पहिल्या वेचणीआधी कपाशीला दहीभात दाखवून पूजा करायची. त्याआधी कुणी बोंडाला हात लावत नाही. लक्ष्मी रुसते, पीक हातचं जातं, हे आमच्या हाडात मुरलेलं. आमच्या घरी सीतादही दसऱ्याला.

मी म्हटलं, “दहा दिसनी गोट शे. सीतादही व्हऊ दे, लगेच लई जासू तुले.”

“तवपावत मी ऱ्हासू ना, जिजी?” तोपर्यंत जगेन ना, असं विचारत होती.

“येडी शे का तू?”

माझ्या हातात चांदीच्या पाटल्या होत्या. त्या विकायचं सुचलं नाही असं खोटं कशाला बोलू? सुचलं होतं. सासूला काय सांगू, या भीतीनं त्या हातातच ठेवल्या.

तिसऱ्या माळेला काशी पाण्याला आली नाही. तिचा नवरा म्हणाला, ताप आहे.

चौथ्या माळेला तिची मधली पोर ओट्यावर एकटीच बसलेली. दार आतून लावलेलं. मी हाक मारली.

“जाय जिजी. नीजू दे माले.”

मी गेले. मी मेलीनं दार ढकलायला हवं होतं.

गावातल्या एका म्हातारीकडून तिनं कसलीशी मुळी आणली होती. तिला धीर नव्हता, आणि मी दुसरं काही दिलंच नव्हतं.

पाचव्या माळेला सकाळी दार उघडलं तेव्हा गोधडीखालची जमीनसुद्धा ओली होती.

तिला मसणात पोचवून पुरुष परत आले. मी उठले, शेतात गेले आणि वेचायला लागले. सुतकात. दही नाही, भात नाही.

मागून सासू आली. वाटलं, आता झोडपते.

तिनं पदर खोचला आणि शेजारच्या ओळीत वेचू लागली. ओळ संपल्यावर म्हणाली, “माले काबरं नही सांगं?”

मला का नाही सांगितलंस, एवढंच तिचं विचारणं. मी वेचत राहिले.

काल आमच्या कॉलनीत काही बायका अशाच कामासाठी वर्गणी मागायला आल्या. दवाखान्यापर्यंत पोचू न शकणाऱ्या पोरींसाठी. शेजारीण म्हणाली, “दसरा होऊ दे, मग बघू.” माझं डोकंच फिरलं. म्हणून ही पोस्ट. द्यायचं असेल तर आज द्या, मुहूर्त कसले बघता?

त्या वर्षी पूजा न करता वेचलेल्या शेतात कापूस किती आला, विचाराल.

दर वर्षी येतो तेवढाच.

काशी, चुकलं माझं. श्रद्धांजली कुठल्या तोंडानं वाहू?

तुझी जिजी.