नागपुरात ससा हलून राहिला

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर पिंजरा होता, पिंजऱ्यात ससा, आणि शेजारी त्याला कापायचं की नाही हे ठरवणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई.

मी कोकणातला, सहावीत शाळा सोडलेला. बाईंनी प्रयोगशाळेत जनावरं सांभाळायला ठेवलं, त्या उपकाराखाली मी अजून वाकलेला आहे. ससे मी वाढवायचे. औषध काळजात पोचलं का हे बघायला बाई ते कापत, तेव्हा पायही मीच धरायचे. नागपूरच्या एका इस्पितळात म्हणे एकाच खाटेवर दोन यंत्रं जोडली होती. एक हाडं दाखवतं, दुसरं किरण सोडणारं औषध कुठे साठलं ते. दोन फिल्मा एकावर एक ठेवल्या की न कापता काळीज दिसतं. हे खरं का, ते बाई तपासणार होत्या. खरं ठरलं तर ससा वाचणार होता.

स्टेशनवर सायकलरिक्षा केली.

"पिंजऱ्यात काय हाय, गा?"

"ससा. फोटो काढायला आणलाय."

"माह्या लग्नात कोनी फोटू नाही काढला, अन् याले पुन्याहून आनला?"

महालातल्या खाणावळीत सकाळी पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा जाळ रस्सा) आली. माझे डोळे वाहू लागले. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "काहून रडून राहिला, गा?" 'काहून' म्हणजे 'का', एवढं मला कळलं होतं. रडायचं का थांबलास, असं विचारणारी माणसं मी प्रथमच पाहत होतो.

इस्पितळात यंत्र चालवणारे वासुदेवभाऊ सशाला किरणांचं औषध टोचून, भूल देऊन काचेआड उभे राहिले. बाई पलीकडच्या खोलीत बटणापाशी. निरोप पोचवायला मी दारात. हाडांची फिल्म झाली. दुसरीच्या वेळी भाऊ ओरडले, "हलून राहिला, गा! हलून राहिला!"

मी आत सांगितलं, "बाई, हलला होता, पण आता राहिला. घ्या."

फिल्मा जुळवल्या तर सशाचं काळीज शेपटीखाली.

"हा काळजावर बसतो वाटतं," असं म्हणून बाई आत जाऊन लिहायला लागल्या: यंत्र निरुपयोगी.

भाऊ माझ्यावर चिडले. "म्या वरडून सांगतलं ना, हलून राहिला म्हनून!"

"म्हणजे थांबला ना?"

"थांबला? अबे, नाचून राहिला होता तो!"

गप्प बसलो असतो तर दोष यंत्रावर गेला असता, आणि यंत्राला नोकरी जायची भीती नसते. पण पिंजरा समोरच होता, आणि पाय मलाच धरायचे होते. आत जाऊन सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "तुला मराठी येतं ना?"

"पुण्यापर्यंतचं येतं, बाई."

त्या हसल्या नाहीत, पण ओळ खोडली. किरणांच्या औषधाचा जोर अजून टिकून होता. भाऊंनी पुन्हा थोडी भूल दिली आणि दोन्ही फिल्मा नव्याने घेतल्या. या वेळी भाऊंचा शब्द आत नेण्याआधी मी दोनदा विचारला. काळीज बरगड्यांखाली निघालं, देवाने ठेवलं होतं तिथेच. बाईंनी लिहिलं: यंत्र विश्वासार्ह, निरोप्या नव्हे.

परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं, माणूस कितीही लांब जावो, आपल्याच भाषेत हरवण्याइतका लांब जाऊ नये.

प्रयोगशाळेत माझा जोडीदार सखाराम ससे कापायची फळी धुऊन तयार होता. "सशाचं काय?"

"जगून राहिला," मी म्हणालो.

"अरेरे," म्हणत त्याने मान हलवली.

मी पिंजऱ्यावरचं फडकं उचललं. ससा कोथिंबीर खाऊन राहिला होता.